पाहणाऱ्याची साक्ष : फिट ओळखावी कशी, सांगावी कशी



या अंकातील आरोग्यविषयक अभ्यासासाठी मी फिट हा विषय घेतला आहे. सातपुड्यातील पाड्यांवरच्या कामासाठी आपण प्रार्थना करता, मदत पाठवता. काही जण शिबिरांत स्वतः येऊन राबूनही गेले आहेत. शिबिरात ताप, खोकला, खरूज, अशक्तपणा यांचे रुग्ण आपणहून रांगेत बसतात. फिट येणारा माणूस सहसा त्या रांगेत नसतो. त्याला घरी ठेवलेले असते. "घरी आणखी कोणी आजारी आहे का?" असे दोन-तीनदा विचारले की कोणीतरी हळूच सांगते, "एक मुलगी आहे. तिला 'ते' होते."

'ते' म्हणजे नेमके काय होते, हे विचारून घेणे हे परिचारिका म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आजचा पाठ त्याविषयीच आहे. फिटचे निदान करताना सर्वांत मोलाची गोष्ट असते ती पाहणाऱ्याची साक्ष. फिट येते तेव्हा डॉक्टर तिथे नसतात. रुग्णाला स्वतःला बहुतेक वेळा काही आठवत नाही. जे पाहिले ते सांगणारी आई, बायको, शेजारी किंवा शाळेतली मैत्रीण हीच डॉक्टरांचे डोळे होते. म्हणून काय पाहावे आणि कसे सांगावे हे आपण सर्वांनी शिकून घेतले पाहिजे.

१. फिट म्हणजे काय?

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या सूक्ष्म विजेच्या संदेशांनी एकमेकींशी बोलतात. आठवडे बाजाराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. हजार माणसे बोलत असतात, पण प्रत्येकाचे बोलणे वेगळे असते आणि व्यवहार सुरळीत चालतात. आता अचानक सगळे एकाच वेळी, एकच आरोळी ठोकू लागले तर? तेवढा वेळ कोणाचाच व्यवहार होणार नाही. फिटमध्ये तसेच घडते. मेंदूतील पुष्कळ पेशी एकाच वेळी आणि गरजेपेक्षा जास्त जोराने संदेश सोडू लागतात. काही सेकंदांनी किंवा एक-दोन मिनिटांनी हे बहुधा आपोआप थांबते.

ही आरोळी मेंदूच्या ज्या भागात उठते, त्या भागाचे काम बिघडलेले बाहेर दिसते. हात हलवणाऱ्या भागात उठली तर हात उडतो. वास ओळखणाऱ्या भागात उठली तर नसलेला वास येतो. संपूर्ण मेंदूत पसरली तर माणूस बेशुद्ध होऊन पडतो. म्हणून प्रत्येकाची फिट सारखी दिसत नाही.

लोकभाषेत याला आकडी, झटके, फेफरे, मिरगी अशी नावे आहेत. वैद्यकीय मराठीत आजाराला अपस्मार म्हणतात. पण फिट आणि अपस्मार यांत एक फरक आहे. फिट ही घटना आहे, अपस्मार हा आजार आहे. एखाद्याला तीव्र ताप, रक्तातील साखर फार कमी होणे किंवा रोजची दारू एकदम बंद होणे अशा तात्कालिक कारणाने फिट आली, तर तेवढ्यावरून त्याला अपस्मार आहे असे म्हणत नाहीत. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये अपस्माराची व्यवहारात वापरायची व्याख्या दिली. असे तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या तर तो अपस्मार. एकच फिट आली असेल, पण पुढील दहा वर्षांत पुन्हा फिट येण्याची शक्यता ६० टक्के किंवा अधिक आहे असे तपासणीवरून दिसत असेल, तरीही तो अपस्मार. आणि रुग्णाची लक्षणे अपस्माराच्या एखाद्या ठरावीक, ओळखीच्या प्रकाराशी जुळत असतील, तर तोही अपस्मार.

लहान मुलांच्या तापातल्या फिटबद्दल येथेच सांगते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर काही मुलांना फिट येते आणि त्यांतील बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. परंतु मलेरियाच्या भागात ताप आणि फिट एकत्र आली तर घरी थांबू नये. मेंदूचा मलेरिया किंवा मेंदूज्वर नाही ना, हे रुग्णालयातच कळते.

२. साक्ष कशी घ्यावी?

मेंदूची चित्रे काढणारी यंत्रे येण्यापूर्वी, १८७० मध्ये, लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी फिटवर एक महत्त्वाचा अभ्यासलेख प्रसिद्ध केला. काही रुग्णांत झटके एका बाजूच्या अंगठ्यापासून सुरू होतात, मग हातावर, मग चेहऱ्यावर ठरावीक क्रमाने सरकतात, हे त्यांनी टिपले होते. त्यावरून मेंदूत शरीराच्या हालचालींची जागा क्रमाने मांडलेली असावी असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो पुढे खरा ठरला. त्यांचे मुख्य साधन होते ते बारकाईने पाहणे.

आमच्या आरोग्यसेविकांना मी तीन भागांत साक्ष घ्यायला शिकवते : आधी, मध्ये, नंतर.

आधी : रुग्ण काय करत होता? झोपेत होता, उन्हात उभा होता, की जेवत होता? रात्रभर जागरण झाले होते का? गोळी चुकली होती का? "मला काहीतरी होतंय" असे तो म्हणाला का? पोटातून काही वर चढल्यासारखे वाटणे, विचित्र वास, अकारण भीती या खुणा फिटच्या सुरुवातीच्या असू शकतात.

मध्ये : सर्वांत आधी काय हलले? उजवे की डावे? डोळे उघडे होते की मिटलेले? मान कोणत्या बाजूला वळली? अंग आधी ताठ झाले की एकदम सैल पडले? तोंडाची चावल्यासारखी हालचाल, कपडे चाचपणे असे काही होते का? आणि किती वेळ? येथे घड्याळाशिवाय भरवसा ठेवू नये, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते.

नंतर : किती वेळाने ओळखू लागला? गोंधळला, झोपला, की लगेच उठून बोलू लागला? जीभ चावली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का, एका बाजूचा हात काही वेळ लुळा होता का?

भान होते की नव्हते, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. फिट चालू असताना रुग्णाला नावाने हाक मारावी, "हात वर कर" म्हणावे आणि एखादा शब्द सांगावा, जसे 'आंबा'. तो पूर्ण सावरल्यावर विचारावे, "मी कोणता शब्द सांगितला होता?" प्रतिसाद दिला का आणि शब्द आठवला का, या दोन उत्तरांवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.

घरात साधा मोबाइल असला तरी दुसऱ्या कोणाकडे कॅमेऱ्याचा फोन असतो. रुग्ण सुरक्षित आहे याची खात्री करून, एकाने काळजी घ्यावी आणि दुसऱ्याने चित्रफीत घ्यावी. ती फक्त डॉक्टरांना दाखवायची. गटावर पाठवायची नाही. आपल्याला कोणी अशा अवस्थेत सगळ्यांना दाखवले तर चालेल का, एवढा विचार पुरे.

एक सूचना साक्षीदारासाठी. 'फिट आली' एवढे सांगू नये आणि न पाहिलेले भर घालूनही सांगू नये. "मी आले तेव्हा तो पडलेला होता, सुरुवात मी पाहिली नाही" हीसुद्धा उपयोगी साक्ष आहे.

३. फिटचे प्रकार

वर सांगितलेल्या संघटनेने २०१७ मध्ये फिटची नवी वर्गवारी केली आणि २०२५ मध्ये ती सुधारून अधिक सुटसुटीत केली. आता चार मुख्य गट आहेत.

पहिला गट, फोकल. ही फिट मेंदूच्या एका बाजूच्या भागातून सुरू होते, म्हणजे बाजाराच्या एका कोपऱ्यातून. यात दोन पोटप्रकार आहेत. काहींचे भान टिकून असते : हात उडतो, मुंग्या येतात, पण माणूस बोलू शकतो आणि नंतर सारे सांगू शकतो. काहींचे भान हरपते : माणूस पडत नाही, पण टक लावून पाहतो, ओठ चाटतो, कपडे चाचपतो, उठून चालूही लागतो आणि नंतर त्याला यातले काही आठवत नाही. अशा माणसाला पाड्यावर 'लागीर झाले' म्हणतात, शहरात 'नाटक करतो' म्हणतात. फोकल फिट पसरत जाऊन संपूर्ण शरीराचे झटकेही होऊ शकतात.

दुसरा गट, जनरलाइज्ड. यात मेंदूच्या दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच सामील असतात. आपण ज्याला 'मोठी फिट' म्हणतो ती टॉनिक-क्लॉनिक फिट यात येते : अंग ताठ, मग लयीत झटके, तोंडाला फेस, नंतर गाढ झोप. याच गटात अ‍ॅब्सेन्स फिट आहे : मूल काही सेकंद जागच्या जागी हरवते आणि परत येते, पडत नाही. मायोक्लोनिक फिटमध्ये विजेचा धक्का बसावा तसा हात एकदम उडतो, बहुधा सकाळी उठल्यावर, आणि चहाचा कप हातून सुटतो. अटॉनिक फिटमध्ये अंगातली ताकद क्षणभर जाऊन माणूस कोसळतो.

तिसरा गट, अज्ञात. फिट आहे हे नक्की, पण सुरुवात एका भागातून झाली की दोन्ही बाजूंनी, हे कळत नाही. रात्री झोपेत आलेली, कोणी सुरुवात न पाहिलेली फिट पुष्कळदा येथे ठेवावी लागते. चांगला साक्षीदार मिळाला की तिचा गट बदलू शकतो.

चौथा गट, अजून वर्गीकरण न झालेली. फिट आहे असे डॉक्टरांना वाटते, पण माहिती इतकी अपुरी असते की तिला कोणत्याच गटात बसवता येत नाही.

४. प्रकार कळल्याने काय फरक पडतो?

"प्रकार कोणताही असो, गोळी तर द्यायचीच ना?" असे मला शिबिरात अनेकदा विचारतात. गोळी द्यायचीच, पण कोणती? कार्बामाझेपीन हे फोकल फिटसाठी चांगले औषध आहे. तेच औषध अ‍ॅब्सेन्स किंवा मायोक्लोनिक फिट असलेल्या मुलाला दिले तर फिट वाढू शकतात. व्हॅलप्रोएट अनेक प्रकारांवर चालते, पण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात, म्हणून मुली आणि तरुण स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. पोटात बाळ असताना स्वतःच्या मनाने गोळी बंद करणेही तितकेच धोक्याचे. डॉक्टरांशी बोलून औषध आधीच बदलून घ्यावे लागते.

दोन उदाहरणे सांगते. ओळख पटू नये म्हणून गावे सांगत नाही.

एका आश्रमशाळेत चौथीतली मुलगी 'लक्ष देत नाही' म्हणून रोज बोलणी खात होती. शिक्षकांना विचारले, अधीक्षिकेला विचारले, कोणी फिट पाहिली नव्हती. तिच्याशेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारले. ती म्हणाली, "बाई, ती बोलता बोलता थांबते. डोळे मिचकावते. मी दहापर्यंत मोजते तोवर परत येते. मग विचारते, कुठल्या ओळीवर आहोत." दिवसातून किती वेळा? "पुष्कळदा. मी तिला ओळ दाखवते." डॉक्टरांनी त्या मुलीला कागदी भिरभिरे जोरजोरात फुंकत राहायला सांगितले. जलद श्वासाने अ‍ॅब्सेन्स फिट तपासणीच्या खोलीतच येऊ शकते, आणि ती आली. योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत थांबणे बंद झाले. डॉक्टरांनी पत्रात त्या मैत्रिणीच्या सांगण्याचा मुद्दाम उल्लेख केला. तिने पाहिले होते तेवढेच सांगितले होते आणि मोजून सांगितले होते.

दुसरे उदाहरण एका तरुण शेतकऱ्याचे. सगळे सांगत होते की तो एकदम पडतो आणि झटके देतो. त्याची बायको शेवटी म्हणाली, "पडायच्या आधी उजवा अंगठा नाचतो. मला कळतं, मी त्याला चुलीपासून ओढते." उजवा अंगठा म्हणजे मेंदूची डावी बाजू. सी.टी. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला लहानशी गाठ दिसली. ती होती फीतकृमीच्या अळीची. बायकोने अंगठ्याचे सांगितले नसते तर ही 'मोठी फिट' एवढ्यावरच नोंद राहिली असती.

५. फिटसारखे दिसणारे इतर प्रकार

पडणारा प्रत्येक माणूस फिटचा रुग्ण नसतो. उन्हात किंवा उपाशीपोटी उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम सुटून, पांढरे पडून कोसळणे ही बहुधा घेरी असते. तीत दोन-चार झटकेही दिसू शकतात, पण आडवे झाल्यावर माणूस लवकर शुद्धीवर येतो. लहान मूल रडता रडता श्वास रोखून निळे पडते, तेही वेगळे.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात मनावरचा ताण शरीरातून बाहेर पडतो. डोळे घट्ट मिटलेले, हालचाली कमी-जास्त होत बराच वेळ चाललेल्या असे त्यात दिसू शकते. ही नाटके नव्हेत. त्या व्यक्तीला आधाराची आणि उपचाराची गरज असते, पण ते उपचार फिटच्या गोळ्यांचे नसतात. काही जणांना दोन्ही प्रकारचे त्रास असतात. म्हणून शिक्का मारण्याचे काम आपले नाही. पाहून सांगणे हे आपले.

६. तपासण्या

ई.ई.जी. म्हणजे डोक्यावर तारा चिकटवून मेंदूतील विजेचा आलेख काढणे. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा असा पहिला आलेख काढला. तपासणी दुखत नाही, विजेचा धक्का देत नाहीत. जाण्यापूर्वी केस धुवावेत आणि तेल लावू नये. कधी आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात. मात्र दोन फिटच्या मधल्या काळात आलेख अगदी सामान्य येऊ शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही" असे समजून औषध बंद करणारे खूप आहेत. सामान्य आलेखाने साक्ष खोटी ठरत नाही.

सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. मेंदूची रचना दाखवतात : जुनी जखम, गाठ, जन्मतः असलेला दोष. रक्ताच्या तपासणीतून साखर, क्षार, मलेरिया, सिकलसेल यांचा शोध घेतात.

आपल्या भागात दिसणारी कारणे अशी : घरच्या बाळंतपणात बाळ उशिरा रडणे, मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया, मोहाच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडून डोक्याला मार आणि फीतकृमीच्या अळ्या. सिकलसेल असलेल्या मुलाच्या मेंदूचा रक्तपुरवठा कधी अडतो आणि पक्षाघातानंतर फिट सुरू होतात. काहींत कारण आनुवंशिक असते आणि पुष्कळांत सापडतच नाही. कारण सापडले नाही तरी उपचार होतो.

फीतकृमीबद्दल एक गैरसमज दूर करते. अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत गाठ होते ती मात्र त्याची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी फीतकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, पाणी किंवा कच्ची भाजी यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. म्हणून मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. शौचालय, साबण आणि धुतलेली भाजी हे येथे फिट टाळण्याचेच उपाय आहेत. आणि हे लक्षात ठेवावे की फिट एकाची दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने काही होत नाही.

७. बडवा, प्रार्थना आणि गोळी

पाड्यावरची बहुतेक कुटुंबे आधी बडव्याकडे किंवा भगताकडे जातात. मी त्यांना हसत नाही. दवाखाना चाळीस किलोमीटरवर आणि भगत शेजारच्या पाड्यावर असेल तर कोणीही तेच करील. काही भगत आता स्वतःच रुग्ण आमच्याकडे पाठवतात. चटके देणे, मिरचीची धुरी देणे याला मात्र आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

आपल्या मंडळ्यांतही एक गोष्ट घडते आणि ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. एका तरुणाला गोळ्यांमुळे सात महिने फिट आली नव्हती. एका सभेत त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि कोणीतरी त्याला सांगितले की आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास. त्याने गोळ्या एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी एकामागून एक फिट येऊ लागल्या, मधे शुद्धच येईना. तो वाचला, पण अनेक दिवस रुग्णालयात राहिला. फिटची गोळी एकाएकी थांबवली तर असे होते, आणि यात जीवही जातो. सामान्यतः निदान दोन वर्षे फिट आली नाही तर डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, तोही प्रकार पाहून.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील मुलाचा वृत्तांत आपल्याला ठाऊक आहे. त्यावरून प्रत्येक फिट म्हणजे दुष्ट आत्मा असे काही जण ठरवतात. मी ईश्वरविद्येची अभ्यासक नाही, पण दोन गोष्टी वाचकांपुढे ठेवते. मत्तयाने आपल्या चौथ्या अध्यायात बरे झालेल्यांची यादी देताना भूतग्रस्त आणि फेफरेकरी हे वेगवेगळे सांगितले आहेत. आणि मार्काच्या वृत्तांतात प्रभूने त्या बापाला प्रथम विचारले की हे मुलाला किती काळापासून होते आहे. बापाने लहानपणापासून असे उत्तर दिले आणि मूल विस्तवात व पाण्यात कसे पडते तेही सांगितले. आजही पाड्यावरच्या रुग्णांच्या अंगावर चुलीचे चट्टे असतात आणि नदीवर त्यांना एकटे सोडत नाहीत. त्या बापाचे नीट ऐकून घेतले गेले. आपणही ऐकून घेऊ या. प्रार्थना जरूर करू या, आणि प्रार्थना झाल्यावर विचारू या, "आजची गोळी घेतलीस का?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व औषध मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. लग्नाच्या बाबतीत भीती असते, म्हणून हेही सांगते : हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत अपस्मार ही लग्नाला अडचण मानली जात असे. १९९९ च्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली गेली आहे.

८. समोर फिट आली तर

१. घड्याळ पाहा.
२. आजूबाजूचे दगड, विळा, विस्तव दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
३. झटके कमी होताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल.
४. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याने फिट थांबत नाही.
५. पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ बसा.
६. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी आली, श्वास नीट येत नसेल, पाण्यात आली, मोठी इजा झाली, स्त्री गरोदर असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात न्या.

दरवर्षी पाड्यांवर वाटायला आपण भिंतीवरच्या दिनदर्शिका पाठवता. त्या आम्ही फिटच्या घरांत नोंदवही म्हणून वापरतो. गोळी घेतली की त्या तारखेवर एक रेघ, फिट आली की एक गोल. लिहिता न येणारी आईसुद्धा हे करते. तीन महिन्यांची पाने घेऊन ती डॉक्टरांसमोर बसते, तेव्हा त्यांना गोळी वाढवावी, बदलावी की तशीच ठेवावी हे ठरवता येते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. फिट आणि अपस्मार यांत काय फरक आहे? आपल्या शब्दांत सांगा.
२. आपण पूर्वी कधी फिट पाहिली असेल तर ती 'आधी, मध्ये, नंतर' या क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करा. कोणती गोष्ट पाहायची राहिली होती?
३. 'लक्ष न देणारे' मूल आणि अ‍ॅब्सेन्स फिट येणारे मूल यांतला फरक शाळेत कोणाला लवकर कळू शकतो?
४. आपल्या मंडळीत कोणी अपस्माराचे औषध घेत असेल, तर ते उघडपणे सांगणे त्यांना सोपे वाटते का? नसेल तर आपण काय बदलू शकतो?
५. कोणी प्रार्थनेनंतर गोळी बंद करायला निघाले, तर आपण त्यांना काय सांगाल?